मणक्यात रॉड टाकल्यावर वीस वर्षांनी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाची १४ वर्षांची, नववीत. पाठीला बाक आहे, म्हणजे कणा बाजूला वाकलाय (डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात), एक्स-रेवर तो ५६ अंश भरला. पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं. पुण्याच्या सर्जननी ऑपरेशन सांगितलंय. आजी म्हणते, पोरीच्या पाठीला सुरी लावू नका, जन्माची अधू होईल. वडील म्हणतात, आधी लग्न होऊ दे, मग बघू. आणि मामा म्हणून तुम्ही मधे अडकलात. तुम्हाला विचारायचंय की ऑपरेशन नीट झालं असं धरलं, तरी वीस-पंचवीस वर्षांनी काय? रॉड किती वर्षं टिकतो? बाळंतपण, घरकाम, पाठदुखी?

मी सोलापुरात सव्वीस वर्षं हाडांची प्रॅक्टिस करतो. ही ऑपरेशनं मी स्वतः करत नाही, हे आधीच सांगतो. मुंबईत शिकताना कितीतरी केसेसना हाताखाली उभा राहिलो, पण इथे आल्यापासून अशा मुलींना पुण्या-मुंबईला पाठवतो. याचा एक फायदा झालाय. सर्जन त्या मुलीला दोन वर्षं, फार तर पाच वर्षं बघतात. त्यानंतर पुण्याचे हेलपाटे कोण घालणार? पुढे त्या माझ्याकडेच येतात. सासूचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून येतात, पोरगं सायकलवरून पडलं म्हणून येतात, आणि उठता उठता म्हणतात, ‘डॉक्टर, माझी पाठ पण एकदा बघा की.’ वीस वर्षं जुन्या पाठी मी अशाच पाहिल्यात.

तुमच्या घरातल्या वादात एक गोष्ट सगळ्यांनीच गृहीत धरलीय, की ऑपरेशन केलं तर धोका आणि नाही केलं तर पाठ आज आहे तशीच राहील. हे दुसरं वाक्य आधी तपासू. वाढ संपल्यावर ३० अंशांच्या आतला बाक सहसा तिथेच थांबतो. छातीच्या भागातला बाक ५० च्या पुढे गेला असेल, तर तो वाढ संपल्यावरही सरकत राहतो, सरासरी वर्षाला एक अंशाच्या आसपास. वर्षाला एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण १४ व्या वर्षी ५६ असलेली मुलगी चाळिशीला पोचेल तेव्हा बाक ७५-८० च्या घरात असू शकतो. म्हणून तुलना आजच्या भाचीशी करू नका. चाळीस वर्षांची, ऑपरेशन न झालेली भाची डोळ्यांसमोर आणा आणि तिच्याशी करा.

तरी कुणी तुम्हाला ‘ऑपरेशन नाही केलं तर फुप्फुसं दाबली जाऊन मुलगी जगणार नाही’ असं सांगितलं असेल, तर ते मनातून काढून टाका. अमेरिकेत आयोवा इथे उपचार न घेतलेल्या ११७ पेशंटांचा सुमारे पन्नास वर्षं मागोवा घेतला गेला, २००३ साली तो छापून आला. आयुर्मान इतरांइतकंच निघालं. फरक होता तो त्रासात: जुनाट पाठदुखी त्यांच्यात ६१ टक्क्यांना, बाकीच्यांत ३५ टक्क्यांना, रोजच्या कामात धाप लागणं २२ टक्के विरुद्ध १५ टक्के. शिवाय स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी, तीही पन्नास वर्षं. लहानपणीच, पाच-सहा वर्षांच्या वयाआधी सुरू झालेला बाक ही वेगळी गोष्ट आहे, तिथे फुप्फुसांची भीती खरी असते. तुमच्या भाचीचा बाक वयात येताना दिसला, म्हणजे हा निर्णय जिवाचा नाही. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत ती कशी जगेल याचा आहे. मला विचाराल तर हे कळल्यावर निर्णय सोपा होत नाही, पण घाबरून घेतला जात नाही एवढं नक्की.

आता रॉडचं. रॉड किती वर्षं टिकतो हा प्रश्न मला दर दुसऱ्या पालकाकडून येतो, आणि तो विचारताना लोकांच्या डोक्यात गाडीचा पार्ट असतो, दहा वर्षांनी बदलायचा. तुम्ही स्लॅब पडताना बघितला असेल. सेंटरिंग लावतात, काँक्रीट ओततात, स्लॅब पक्का झाला की सेंटरिंगचं काम संपतं. इथेही तेच आहे. मणक्यांना स्क्रू बसवून दोन रॉडनी पाठ सरळ धरली जाते, मणक्यांचा वरचा थर खरवडून त्यावर हाडाचे तुकडे पसरतात, आणि सहा महिने ते वर्षभरात तेवढे मणके मिळून एकच हाड होतं. त्यानंतर भार ते हाड घेतं, रॉड नुसता पडून असतो. सेंटरिंग काढतात, हे काढत नाहीत, एवढाच फरक. हाड जुळलं तर रॉड जन्मभर राहतो, बदलावा लागत नाही. हाड कुठे जुळलंच नाही, तर मात्र तार पुन्हापुन्हा वाकवल्यावर तुटते तसा रॉड दोन-चार वर्षांनी तुटतो. म्हणजे तुटलेला रॉड हे लक्षण आहे, मूळ दुखणं न जुळलेल्या हाडाचं. निरोगी चौदा वर्षांच्या मुलीत हे कमी वेळा होतं.

आजीची भीतीही हवेतून आलेली नाही. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली आपल्या रॉडची माहिती प्रसिद्ध केली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभर तोच रॉड वापरला गेला. त्यात वर एक हूक, खाली एक हूक, आणि मधे जॅक लावल्यासारखा ताण. वर कित्येक महिने प्लास्टरचं जाकीट. बाक कमी व्हायचा, पण कमरेला निसर्गाने दिलेली आतली खोलगट कमान त्या ताणात सपाट व्हायची. ज्यांचा रॉड कमरेत खालपर्यंत गेला, त्यातल्या बऱ्याच जणी चाळिशी-पन्नाशीत पुढे झुकून चालू लागल्या, गुडघे वाकवल्याशिवाय ताठ उभं राहता येईना. इंटरनेटवर तुम्ही ज्या दुःखाच्या कहाण्या वाचल्या असतील, त्यातल्या पुष्कळशा या पिढीच्या आहेत. नंतर १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या कोट्रेल आणि द्यूबूसे यांची पद्धत आली, १९९० च्या दशकात प्रत्येक मणक्याला स्क्रू बसवणं रुळलं, आणि कमरेची कमान राखून पाठ सरळ करणं जमू लागलं. आज बाकात साधारण ६० ते ७० टक्के सुधारणा मिळते. ५६ चा बाक वीसच्या आसपास येईल असं धरा. शून्य होणार नाही, आणि शून्य करायच्या मागे लागणारा सर्जन मला आवडत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चाळीस-पन्नास वर्षांचे जे अनुभव जगाकडे आहेत ते जुन्या रॉडचे आहेत. स्क्रूवाल्या पद्धतीला अजून एवढी वर्षंच झालेली नाहीत. पण जुन्या रॉडवाल्यांची अवस्थाही वाटते तेवढी वाईट निघाली नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला अशा पेशंटांना वीसहून जास्त वर्षांनी बोलावून तपासलं. पाठदुखी इतर लोकांपेक्षा थोडी जास्त, पण रोजचं जगणं आणि कामधंदा जवळपास सारखा. मुलंही, ऑपरेशनऐवजी ब्रेस (पाठ बाहेरून धरणारं जाकीट) वापरलेल्या बायकांइतकीच झालेली.

माझ्या मते वीस वर्षांनंतरचा निकाल ज्या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त ठरतो, ती गोष्ट पालक कधीच विचारत नाहीत. रॉड खाली कुठल्या मणक्यापर्यंत जाणार? पाठीचे बारा मणके बरगड्यांना बांधलेले असतात, ते मुळातच फार वाकत नाहीत. तेवढेच जोडले तर मुलगी काही गमावते हे तिला स्वतःलासुद्धा जाणवत नाही. वाकण्याचं काम करतात ते कमरेचे पाच मणके, डॉक्टर त्यांना एल-१ ते एल-५ म्हणतात. रॉड एल-१ ला थांबला तर खाली चार मणके मोकळे. एल-४ पर्यंत गेला तर हालचाल करायला खाली मणक्यांमधल्या दोनच चकत्या उरतात, आणि आख्ख्या पाठीचं वाकणं-वळणं त्यांच्यावर येतं. अशा चकत्या लवकर झिजतात.

माझ्या दोन पेशंट सांगतो, ओळख पटणार नाही अशा बेताने. एकीचा रॉड कमरेच्या वरच थांबलेला. आता तिशी ओलांडलीय, दोन मुलं, घरी रोज वीस-पंचवीस कडक भाकऱ्या थापून विकते. खाली बसते, उठते, विहिरीत पोहायलाही शिकली. माझ्याकडे आली होती ती टाच दुखते म्हणून. दुसरीचा बाक कमरेत होता, त्यामुळे रॉड एल-४ पर्यंत न्यावाच लागला. ती विडी कामगार. मांडीवर सूप घेऊन, पाठ पोक काढून तासन् तास बसायचं हे ते काम, आणि नेमकी पोक काढणं हीच गोष्ट तिला आता जमत नाही. तिशीच्या आतच कंबर दुखायला लागली. तिला भिंतीला टेकून, बुडाखाली जाड पाट घेऊन बसायला लावलं, मांड्यांच्या मागचे स्नायू ताणायचे व्यायाम दिले, दर पाऊण तासाने उठायला सांगितलं. दुखणं निम्म्यावर आलं, गेलं नाही. दोघींची ऑपरेशनं उत्तम झालेली होती. एक्स-रे बघून कुणीही वाहवा म्हणेल. फरक पडला तो चार मणक्यांचा. हे सगळं सर्जनच्या हातात नसतं, बाक जिथे आहे तिथे रॉड न्यावाच लागतो. आणि उगीच वर थांबवला तर खालचा भाग पुन्हा वाकतो, मग दुसरं ऑपरेशन. पण एक मणका वर थांबता येईल का, हा प्रश्न जरूर विचारा. चांगला सर्जन एक्स-रे समोर धरून ‘इथे का, आणि याच्या वर का नाही’ हे सांगतो.

बाळंतपणाचं थोडक्यात. दिवस राहायला अडचण नाही, पोटात मूल वाढायला अडचण नाही, नॉर्मल बाळंतपणही होतं. रॉड आहे एवढ्याच कारणावरून सिझेरियन करायची गरज नसते. अडतं ते भुलीपाशी. पाठीत सुई टोचून भूल द्यायची असते तिथे हाड जुळलेलं असेल, तर सुई जात नाही. रॉड एल-१ ला संपला असेल तर खाली जागा मिळते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांना एक्स-रे दाखवून ठेवायचा, रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये नाही. लग्नाबद्दल मी काय बोलणार? एवढंच बोलतो की वडील म्हणतात तसं लग्नानंतरवर ढकलणं हा तीन पर्यायांतला सगळ्यात वाईट पर्याय आहे. पंचविशीत बाक जास्त असतो, ताठर असतो, जास्त मणके जोडावे लागतात, गुंतागुंतही वाढते. शिवाय तोवर ही गोष्ट कुणापासून तरी लपवलेली असते.

धोके किती, हेही आकड्यात ऐका. मज्जारज्जूला किंवा नसेला इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे, आणि त्यातल्याही बऱ्याच इजा भरून येतात. ऑपरेशन चालू असताना पायाकडे जाणारे संदेश यंत्रावर सतत बघत राहण्याची सोय असते. ती नसलेल्या ठिकाणी हे ऑपरेशन करू नका, यावर मी तडजोड करणार नाही. जंतुसंसर्ग शंभरात एक-दोन. काही वेळा तो तीन-चार वर्षांनी डोकं वर काढतो, जखमेच्या जुन्या व्रणावर एखादी पुळी येते आणि चिघळत राहते. तशी पुळी दिसली तर मलम लावत बसायचं नाही. दहा वर्षांत कुठल्या ना कुठल्या कारणाने पुन्हा ऑपरेशन लागणाऱ्या साधारण शंभरात पाच ते दहा असतात. हा आकडा लहान नाही, पण नव्वदहून जास्त जणींना पुन्हा टेबलावर जावं लागत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

दुखण्याबद्दल मुलींना खरं सांगत जा. पहिले चार-पाच दिवस वाईट असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं करतात, आठवड्याच्या आत घरी सोडतात. चार ते सहा आठवड्यांत शाळा. घरी परतताना एसटीच्या मागच्या सीटवर कृपा करून नको, हुतात्मा एक्सप्रेस नाहीतर आडवं झोपून येता येईल अशी गाडी. धावणं तीन-चार महिन्यांनी. खो-खो, कबड्डी सर्जन म्हणतील तेव्हा, बहुधा सहा महिने ते वर्षाने. उंचीची काळजी करू नका. दीड वर्षापूर्वी पाळी आली म्हणजे बरीचशी वाढ झालेली आहे, आणि बाक सरळ झाला की दोन-तीन सेंटीमीटर मिळतातच. अजून पाळी आली नसती तर मी वेगळं बोललो असतो, कारण तेव्हा पाठीमागे मणके जोडूनही पुढचा भाग वाढत राहतो आणि पाठ पिळवटते.

ब्रेस, योगासनं, मालिश यांचं काय? ब्रेस खरोखर काम करतो, पण २५ ते ४० अंशांत आणि वाढ शिल्लक असताना. २०१३ साली छापलेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत ब्रेसवाल्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० च्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. तुमची भाची ती वेळ ओलांडून पुढे आलीय. (सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये दिवसाचे अठरा तास प्लास्टिकचं जाकीट घालणाऱ्या पोरींना मी मनातल्या मनात नमस्कार करतो.) व्यायामाने स्नायू आणि श्वास सुधारतो, जरूर करा, पण ५६ अंश त्याने उतरत नाहीत. आणि हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकून अभ्यास केल्यानेही हे झालेलं नाही, तेव्हा तिच्या आईला बोल लावणं थांबवा. शंभरात दोन-तीन मुलांना १० अंशांपेक्षा जास्त बाक असतोच, आणि त्यातला मोठा होणारा बाक बहुतेक मुलींच्या वाट्याला येतो.

मग मी काय करेन? माझी भाची असती, तर ५६ अंश, छातीच्या भागातला बाक आणि वाढ संपत आलेली, एवढ्यावर मी ऑपरेशनकडे झुकलो असतो. पण उद्याच्या उद्या नाही. तीन-चार महिन्यांनी काही बिघडत नाही. दिवाळीच्या सुट्टीला जोडून करता येतं, म्हणजे दहावीचं वर्ष मोकळं मिळतं. दरम्यान आणखी एका स्पाइन सर्जनचं मत घ्या. एमआरआय झाला नसेल तर, विशेषतः बाक डावीकडे असेल किंवा डोकं दुखत असेल, तो करून घ्या. क्वचित मूळ मज्जारज्जूत सापडतं. बाक ४६ असता, किंवा तो कमरेत असून रॉड एल-४ पर्यंत जाणार असता, तर मी दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढत थांबलो असतो आणि मुलीशी जास्त वेळ बोललो असतो.

ते बोलणं तसंही करा. तुम्ही एवढं मोठं लिहिलंत, त्यात आजी काय म्हणते, वडील काय म्हणतात सगळं आहे, भाची काय म्हणते ते कुठेच नाही. मी मुलींना आईबापांना बाहेर बसवून विचारतो. एक म्हणाली होती, मला दुखत नाही, मला फक्त ओढणी न घेता शाळेत जायचंय. दुसरी म्हणाली, मला नाच सोडायचा नाही, वाकडी राहिले तरी चालेल. दोघींनाही आम्ही त्यांच्या बोलण्याप्रमाणे वेगवेगळा सल्ला दिला.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या हॉस्पिटलात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारा, नंतर नाही. आणि डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनची नोंद, स्क्रू-रॉडच्या डब्यांवरचे स्टिकर, आधीचे-नंतरचे एक्स-रे हे सगळं एका फायलीत घालून ती लोखंडी कपाटात दागिन्यांच्या शेजारी ठेवा. माझ्याकडे सतरा वर्षांनी आलेल्या एका बाईंना आत कुठला धातू आहे हेच माहीत नव्हतं. टायटॅनियम की स्टील, यावर त्यांच्या एमआरआयमध्ये काही दिसणार की नुसता काळा ढग, हे ठरणार होतं. जुने कागद कुणाकडेच सापडले नाहीत, शेवटी एक्स-रेवरून अंदाज बांधला.

भाचीला धाकटी बहीण आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. हे घराण्यात चालतं. तिला भिंतीकडे तोंड करून उभी करा, दोन्ही तळवे जोडून कमरेतून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीच्या पातळीवर डोळे आणून बघा. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर याच आठवड्यात घेऊन या. तिच्या वयात ब्रेसची वेळ अजून गेलेली नाही.